कमी दाबाची वीज आणि ऑटो-ट्रान्सफॉर्मर : उपयोग, मर्यादा व दक्षता

रब्बी हंगामात पाण्याच्या पाळ्या सुरू झाल्या म्हणजे एक तक्रार गावोगाव ऐकू येऊ लागते. वीज येते, परंतु तिच्यात जोर नसतो. मोटर नुसती घुमते, फिरत नाही; फिरली तर तापते; आणि गहू ओंबीवर असताना, ऐन गरजेच्या वेळी, जळून बंद पडते. मग ती विहिरीतून वर काढावयाची, तालुक्याच्या गावी न्यावयाची आणि नवे वाइंडिंग भरून परत आणावयाची. यात कित्येक दिवस जातात. वाइंडिंगचा खर्च लगेच डोळ्यांना दिसतो. चुकलेल्या पाळीचा तोटा मात्र खळ्यावर गेल्यावरच कळतो.

या अडचणीवर उपाय म्हणून बाजारात एक लोखंडी पेटी मिळते. कोणी तिला बूस्टर म्हणतात, कोणी स्टॅबिलायझर म्हणतात. अशा बहुतेक पेट्यांच्या पोटात असते ती वस्तू म्हणजे ऑटो-ट्रान्सफॉर्मर होय. आत येणारी वीज ३५० व्होल्टची असली तर बाहेर ४०० व्होल्टची करून देण्याचे काम ती चोखपणे करते. यात कोणतीही फसवणूक नाही. तथापि दाब वाढला म्हणजे वीज वाढली, असा जो समज सर्वत्र दिसतो तो बरोबर नाही, आणि त्या समजापायी मोटरीही जळतात व शेजाऱ्याशेजाऱ्यांत वादही होतात. ही पेटी काय करू शकते, काय करू शकत नाही आणि ती घेण्यापूर्वी कोणती कामे करावयास हवीत, याची माहिती प्रत्येक पंपधारक शेतकऱ्यास व गावपातळीवरील कार्यकर्त्यास असणे आवश्यक आहे. महाराष्ट्रात आज विजेवर चालणारे शेतीपंप चाळीस लाखांहून अधिक आहेत. प्रश्न किती मोठा आहे याची कल्पना एवढ्यावरून येईल.

दाब कोठे नाहीसा होतो?

कालव्याच्या मुखाशी पाणी भरपूर असते. टेलच्या शेतकऱ्यापर्यंत पोहोचता पोहोचता ते आटते. विजेच्या दाबाचेही काहीसे तसेच आहे. ११,००० व्होल्टची उच्चदाब वाहिनी गावाच्या शिवारापर्यंत येते. तेथे रोहित्र, म्हणजेच गावच्या भाषेत डी.पी., तो दाब सुमारे ४३३ व्होल्टवर उतरविते. तेथून पुढे लघुदाब तारा पंपापंपापर्यंत जातात. तारेला स्वतःचा रोध असतो. तार जितकी लांब व बारीक तितका रोध अधिक, आणि तीतून प्रवाह जितका जास्त तितका दाबाचा ऱ्हास अधिक. म्हणून डी.पी.जवळच्या पंपाला ४१० व्होल्ट मिळत असताना त्याच तारेच्या शेवटच्या पंपाला ३५० व्होल्टही मिळत नाहीत, असे पुष्कळदा आढळते.

पाच अश्वशक्तीची तीन फेजची मोटर पूर्ण भारावर व योग्य दाबावर सुमारे साडेसात अँपिअर प्रवाह घेते. ६३ के.व्ही.ए.च्या रोहित्रावर अशा अकरा-बारा मोटरी एका वेळी चालू शकतात. प्रत्यक्षात त्यावर अधिकृत पंप जास्त असतात, त्यांत आकडे टाकून चालविलेल्या मोटरींची भर पडते आणि वीज आली की सारे एकाच वेळी बटण दाबतात. मग तारांत जो दाब नाहीसा होतो, तो टेलच्या शेतकऱ्याच्या वाट्याचा असतो.

कमी दाबाने मोटर का जळते?

दाब कमी म्हणजे मोटरला त्रास कमी, असे वरकरणी वाटते. वस्तुस्थिती उलट आहे. पंपाला विहिरीतून जितके पाणी जितक्या उंचीवर चढवावयाचे असते तितके काम मोटरला करावेच लागते. दाब कमी पडला की तेवढेच काम करण्यासाठी ती प्रवाह अधिक ओढते. प्रवाह एक दशांशाने वाढला तर वेटोळ्यांतील उष्णता सुमारे एक पंचमांशाने वाढते, कारण उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत जाते. वेटोळ्यांच्या तांब्यावर जे रोधक कवच असते त्याचे आयुष्य प्रत्येक दहा अंश सेल्सिअस जादा तापमानामागे सुमारे निम्मे होते, असा विद्युत्-तज्ज्ञांचा ठोकताळा आहे.

दुसरे असे की, मोटरचा फिरविण्याचा जोर दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होतो. दाब ८५ टक्के उरला तर जोर सुमारे ७२ टक्के उरतो. दाब ८० टक्क्यांवर आला तर जोर ६४ टक्के एवढाच राहतो. म्हणून कमी दाबावर मोटर सुरू होतानाच अडखळते. अडखळलेली मोटर पूर्ण प्रवाहाच्या पाच-सहा पट प्रवाह ओढीत जागीच घुमत राहते आणि अल्पावधीत जळते.

शेतीपंपांच्या मोटरींसाठी भारतीय मानकांत दाबातील मोठे चढउतार गृहीत धरले आहेत. ४१५ व्होल्टच्या अशा मोटरीने वर ६ टक्के व खाली १५ टक्के एवढा फरक सोसावा, अशी अपेक्षा असते. याचा अर्थ, चांगल्या प्रतीची मोटर सुमारे ३५३ व्होल्टपासून ४४० व्होल्टपर्यंत चालू शकते. ३५३ च्या खाली ती चालविणे म्हणजे तिचे आयुष्य जाळणेच होय.

अशा वेळी काही शेतकरी स्टार्टरमधील रिलेचा काटा वर सरकवितात, फ्यूजमध्ये जाड तार बांधतात किंवा स्टार्टर सुटू नये म्हणून त्याचे बटण काडी लावून दाबून ठेवतात. मोटरच्या राखणदारालाच बांधून ठेवण्याचा हा प्रकार होय. रिले पडते ती त्रास देण्यासाठी नव्हे. मोटर सोसण्यापलीकडे तापत आहे, एवढीच सूचना ती देत असते.

ऑटो-ट्रान्सफॉर्मर म्हणजे काय?

साध्या रोहित्रात लोखंडाच्या गाभ्यावर दोन वेगळी वेटोळी असतात. एकात वीज शिरते, दुसऱ्यातून बाहेर पडते, आणि दोहोंमध्ये तारेचा संबंध नसतो. ऑटो-ट्रान्सफॉर्मरमध्ये वेटोळे एकच असते. त्याला मधूनच एक फाटा काढलेला असतो.

एका फेजचा हिशेब घेऊ. दर व्होल्टला एक याप्रमाणे २३० वेढ्यांचे वेटोळे आहे असे समजावे. तळापासून २०० व्या वेढ्याला जो फाटा काढला आहे तेथे २०० व्होल्टची वीज जोडली, तर वरच्या टोकाला २३० व्होल्ट मिळतात. मोटर वरच्या टोकावरून २० अँपिअर प्रवाह घेत असेल तर तारेवरून आत येणारा प्रवाह २३ अँपिअर असतो. २३० ला २० ने गुणले काय किंवा २०० ला २३ ने गुणले काय, उत्तर ४,६०० हेच येते. दाब जितक्या पटीने वाढला तितक्याच पटीने आत येणारा प्रवाह वाढला. ही पेटी वीज निर्माण करीत नाही; दाब आणि प्रवाह यांची अदलाबदल तेवढी करते, आणि त्या अदलाबदलीत स्वतःसाठी थोडी वीज उष्णतेच्या रूपाने ठेवून घेते.

मग साध्या रोहित्राऐवजी हीच का वापरतात? कारण ती लहान व स्वस्त असते. वरील उदाहरणात गाभ्याला सगळ्या ४,६०० चे नव्हे, तर वाढविलेल्या ३० व्होल्टचे, म्हणजे ३० गुणिले २० बरोबर ६०० एवढेच काम करावे लागते. उरलेले ४,००० तारेवरून सरळ पुढे जातात. म्हणून तांबे व लोखंड थोडे लागते. तीन फेजच्या मोटरीसाठी साधारणतः अशी तीन वेटोळी एका पेटीत बसविलेली असतात.

या स्वस्ताईबरोबर एक दोषही येतो. वेटोळे एकच असल्याने आतली बाजू व बाहेरची बाजू एकमेकींपासून अलग नसतात. बाहेरची तार ही मुख्य वाहिनीचीच तार होय. पेटी मध्ये आहे म्हणून धक्का बसणार नाही, असा भरवसा कोणीही बाळगू नये.

हेच यंत्र दाब उतरविण्यासाठीही वापरता येते. मोठ्या मोटरींच्या ऑटो-ट्रान्सफॉर्मर स्टार्टरमध्ये आरंभी मोटरला पूर्ण दाबाऐवजी ५०, ६५ किंवा ८० टक्के दाब देतात आणि मोटर वेगात आली की पूर्ण दाबावर घेतात. ६५ टक्क्यांच्या फाट्यावर तारेवरचा आरंभीचा प्रवाह सुमारे ४२ टक्क्यांवर येतो. मात्र जोरही तितकाच घटतो. मोठ्या उपसा योजनांच्या पंपगृहांत ही पद्धत परिचित आहे. दाब उतरविणारा स्टार्टर आणि दाब चढविणारी पेटी या दोन भिन्न वस्तू आहेत, हे खरेदी करताना विसरू नये.

चाकांवरची घरे आणि टेलचे शेतकरी

कमी दाबाचा हा प्रश्न केवळ शेतीपुरता नाही. अमेरिकेत सुटीच्या दिवसांत पुष्कळ कुटुंबे चाकांवरची घरे घेऊन प्रवासास निघतात. बिछाने, स्वयंपाकघर, शीतकपाट व वातानुकूलन यंत्र यांनी सज्ज अशी ही मोठी वाहने असतात. मुक्कामासाठी त्यांचे तळ ठरलेले असतात. तळावर प्रत्येक वाहनासाठी एक खांब उभारलेला असतो आणि त्यावरील खटक्यातून १२० व्होल्टची वीज घेतात. उन्हाळ्याच्या भर दुपारी रांगेतील सर्व वाहनांची वातानुकूलन यंत्रे एकदम चालू झाली म्हणजे रांगेच्या शेवटी दाब १०५ व्होल्टच्याही खाली येतो आणि यंत्रांच्या मोटरी तापू लागतात. एकाच डी.पी.वरील पंपांची जी कथा, तीच येथे आहे.

तेथील प्रवासी यासाठी वाहन व खांब यांच्यामध्ये ऑटो-ट्रान्सफॉर्मर जोडतात. तो कमी पडलेला दाब सुमारे एक दशांशाने वाढवितो. १०४ व्होल्टचे ११४ व्होल्ट होतात. पुष्कळ पेट्यांमध्ये दाब पुरेसा झाला की ही वाढ आपोआप कमी होण्याची सोय असते. साहजिकच रांगेतील इतर प्रवाशांकडून प्रश्न विचारला जातो की, तुझ्या पेटीने माझा दाब पळविला काय? आपल्याकडील टेलचा शेतकरीही शेजाऱ्याच्या पेटीकडे बोट दाखवून हेच विचारतो. प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर एका शब्दात देता येत नाही.

शेजाऱ्याचा दाब जातो काय?

उत्तर भार कोणत्या प्रकारचा आहे यावर अवलंबून आहे.

शेगडीसारखे तापणारे साधन दाब वाढला की अधिक प्रवाह घेते. १० टक्के चढविलेल्या दाबावर ते १० टक्के अधिक प्रवाह घेते; आणि पेटीमुळे तारेवरचा प्रवाह त्याहूनही १० टक्के वाढतो. एकूण भार सुमारे २१ टक्क्यांनी वाढतो. येथे शेजाऱ्याची तक्रार खरी ठरते.

भारावर चालणाऱ्या मोटरीची गोष्ट निराळी आहे. तिला काम ठरलेले असते. पाच अश्वशक्तीची मोटर ३४६ व्होल्टवर साडेसातऐवजी सुमारे ९ अँपिअर प्रवाह ओढते. पेटी लावून तिला ३९८ व्होल्ट दिले तर ती पावणेआठच्या आसपास प्रवाह घेते. परंतु पेटीच्या आत येणारा प्रवाह १५ टक्क्यांनी अधिक, म्हणजे पुन्हा ९ च्या घरातच राहतो. तारेवरचा बोजा फारसा वाढला नाही आणि कमीही झाला नाही. मोटरची वेटोळी मात्र थंड राहिली. हा पेटीचा खरा व निर्विवाद लाभ होय.

अडचण येते ती मोटर सुरू करताना. मोटर कमी दाबावर सुरू होताना ४० अँपिअर घेत असेल, तर १५ टक्के चढविलेल्या दाबावर ती ४६ अँपिअर घेईल आणि तारेवरून सुमारे ५३ अँपिअर ओढले जातील. आरंभीचा झटका जवळजवळ एक तृतीयांशाने वाढला. त्या क्षणी तारेवरचा दाब आणखी खचतो आणि शेजाऱ्याच्या चालू मोटरीचा स्टार्टर सुटून पडतो. एकाने पेटी लावली तर हे निभावते. सर्वांनी लावली आणि वीज येताच सर्वांनी एकदम बटण दाबले, तर कोणाचीच मोटर सुरू होत नाही.

म्हणून असे म्हणावे लागेल की, ऑटो-ट्रान्सफॉर्मर एका मोटरीचे रक्षण करू शकतो; वाहिनीची दुरुस्ती करू शकत नाही.

आधी तीन ठिकाणी दाब मोजावा

पेटी विकत घेण्यापूर्वी दाब कोठे हरवतो याचा शोध घ्यावा. मोटर पूर्ण भारावर चालू असताना, जाणकार परवानाधारक वायरमनकडून तिन्ही फेजांचे दाब मोजून घ्यावेत. मोटर बंद असताना केलेले मोजमाप निरुपयोगी होय. कारण प्रवाह नसेल तर ऱ्हासही दिसत नाही.

पहिले मोजमाप मोटरच्या किंवा स्टार्टरच्या बाहेर जाणाऱ्या अग्रांवर घ्यावे, दुसरे मीटरजवळच्या मेन स्विचवर. तिसरे डी.पी.वर, आणि ते वीज कंपनीच्या कर्मचाऱ्यानेच घ्यावयाचे आहे. डी.पी.ची पेटी शेतकऱ्याने कोणत्याही परिस्थितीत उघडू नये. याच कामात गावोगाव माणसे दगावली आहेत.

मेन स्विचवर दाब चांगला आणि मोटरवर कमी असेल, तर दोष शेतकऱ्याच्या स्वतःच्या तारेत आहे. डी.पी.वर चांगला व मेन स्विचवर कमी असेल, तर दोष लघुदाब वाहिनीत आहे. डी.पी.वरच तो कमी असेल, तर रोहित्रावर अतिभार तरी आहे किंवा उच्चदाब वाहिनीतच उणीव आहे. या शेवटच्या प्रकारात गावातील एकेका पेटीने काही साधणार नाही. लेखी तक्रारच करावयास हवी.

स्वतःच्या हातातील उपाय

मीटरपासून विहीर दोनशे मीटर दूर आहे आणि दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल टाकली आहे, असे उदाहरण घेऊ. पाच अश्वशक्तीच्या मोटरीच्या प्रवाहाने या केबलमध्येच सुमारे २५ व्होल्ट नाहीसे होतात. तेथे चार चौरस मिलिमीटरची केबल टाकली तर ऱ्हास सुमारे १० व्होल्टवर येतो. पंधरा व्होल्ट कोणत्याही पेटीवाचून परत मिळाले, आणि ते कायमचे मिळाले. शिवाय उष्णतेत वाया जाणारी वीजही वाचली.

जोड हे दुसरे ठिकाण होय. नुसत्या पिळलेल्या तारा, गंजलेले स्क्रू, सैल झालेली किटकॅट आणि काळे पडलेले स्टार्टरचे संपर्कबिंदू यांपैकी प्रत्येक ठिकाणी दाब गळतो. बहुधा तो एकाच फेजवर गळतो, आणि ते अधिक वाईट. तीन फेजांच्या दाबांत साडेतीन टक्के असमतोल असला तरी मोटरीच्या तापमानातील वाढ सुमारे एक चतुर्थांशाने अधिक होते. पुरवठा बंद करून हे जोड हंगामापूर्वी साफ व घट्ट करून घ्यावेत.

तिसरा उपाय कॅपॅसिटरचा आहे. मोटर जो प्रवाह घेते त्यातील काही भाग पाणी उपसण्याच्या कामी न येता केवळ मोटरमधील चुंबकत्व राखण्यासाठी तारांतून ये-जा करतो. मोटरजवळ कॅपॅसिटर बसविला म्हणजे ही ये-जा तेथल्या तेथे भागते व तारेवरचा प्रवाह कमी होतो. शक्तिगुणांक ०.८० वरून ०.९५ वर आला तर तोच पंप तारेवरून सुमारे १६ टक्के कमी प्रवाह घेतो. सर्वसाधारणपणे तीन अश्वशक्तीला १, पाचला २ व साडेसातला ३ के.व्ही.ए.आर. या प्रमाणात कॅपॅसिटर बसवितात. यायोगे वीजबिलातील युनिटे फारशी कमी होत नाहीत. परंतु दाब सुधारतो, आणि तो एकट्याचा नव्हे, तर वाहिनीवरील सर्वांचा सुधारतो. ऑटो-ट्रान्सफॉर्मर आणि कॅपॅसिटर यांच्यात हाच मुख्य भेद आहे. ६३ के.व्ही.ए.च्या ज्या रोहित्रावर अकरा-बारा पंप चालतात, त्यावरील सर्वांनी कॅपॅसिटर बसविल्यास तेथेच आणखी दोन पंपांना जागा होते. वीज बंद केल्यावरही कॅपॅसिटरमध्ये काही काळ भार शिल्लक राहतो, म्हणून त्याला लगेच हात लावू नये.

चौथा उपाय फुकटचा आहे. वीज येताच मोटर आपोआप सुरू करणारे ऑटो-स्विच काढून टाकावेत आणि एका डी.पी.वरील शेतकऱ्यांनी मोटरी सुरू करण्याचा क्रम ठरवून घ्यावा. दोन-दोन मिनिटांच्या अंतराने एकामागून एक मोटर सुरू केली तर आरंभीचे झटके एकावर एक येत नाहीत. पाण्याच्या पाळीला जशी बारी लावतात तशीच बारी बटणालाही लावावी. रोहित्र जळून सारेच पंप बंद पडण्यापेक्षा दहा-वीस मिनिटे थांबणे केव्हाही स्वस्त पडते.

पेटी घ्यावयाचीच असेल तर

हे सर्व उपाय करूनही मोटरवर ३५३ व्होल्ट मिळत नसतील आणि उभे पीक वाचवावयाचे असेल, तर ऑटो-ट्रान्सफॉर्मर अवश्य वापरावा. मात्र पुढील गोष्टींची दक्षता घ्यावी.

सर्वांत मोठा धोका दाब वाढण्याचा आहे. दुपारी ३४६ व्होल्ट देणाऱ्या तारेवर मध्यरात्री, इतर पंप बंद झाल्यावर, ४३० व्होल्ट येऊ शकतात. पेटी १५ टक्के वाढीवर तशीच राहिली तर मोटरला सुमारे ४९५ व्होल्ट मिळतील. ४४० च्या वर मोटरचा लोखंडी गाभा चुंबकत्वाने भरून जातो, प्रवाह एकाएकी वाढतो आणि कमी दाबापासून वाचविलेली मोटर जास्त दाबाने जळते. म्हणून पेटीवर बाहेरचा दाब दाखविणारा व्होल्टमीटर, वाढ कमीजास्त करण्याचे फाटे आणि दाब मर्यादेबाहेर जाताच मोटर बंद करणारी योजना, या तिन्ही गोष्टी असल्याच पाहिजेत. फाटा बदलताना मोटर आधी बंद करावी. रात्री पाणी धरणाराने झोपण्यापूर्वी वाढ काढून टाकावी.

पेटीची क्षमता केवळ चालू प्रवाहावरून ठरवू नये. मोटर सुरू होताना पाच-सहा पट प्रवाह तिच्या वेटोळ्यांतून जातो. तो सोसण्याइतकी तार जाड आहे, अशी लेखी हमी विक्रेत्याकडून घ्यावी. पेटीच्या अलीकडील फ्यूज व केबल यांना मोटरच्या प्रवाहाहून अधिक प्रवाह वाहावा लागतो, हे लक्षात घेऊनच त्यांचे माप ठरवावे. ओव्हरलोड रिले मात्र पेटी व मोटर यांच्यामध्ये, मोटरच्या प्रवाहावर बेतलेली असावी.

पेटी कोरड्या, हवेशीर व सावलीच्या जागी, जमिनीपासून उंचावर ठेवावी. तिच्या लोखंडी आवरणाला स्वतंत्र व चांगले आर्थिंग द्यावे आणि उन्हाळ्यात आर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालीत जावे. जोडणी परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावी.

एक फेज गेलेला असताना ही पेटी कामाची नाही. गेलेला फेज ती परत आणू शकत नाही. त्यासाठी फेज जाताच मोटर बंद करणारे सिंगल-फेज प्रिव्हेंटर हे वेगळे साधन बसवावयास हवे.

चढ मुखाशी हवी, टेलला नव्हे

वीज दूरवर नेताना दाब चढवून नेतात, हे तत्त्व सर्वत्र पाळले जाते. कारण दाब चढविला की त्याच कामासाठी तारेतून जाणारा प्रवाह कमी होतो आणि ऱ्हासही कमी होतो. ११,००० व्होल्टवर लागणारा प्रवाह ४१५ व्होल्टच्या प्रवाहाच्या सुमारे सव्वीसावा हिस्सा असतो. शेतकऱ्याची पेटी हेच तत्त्व वापरते, पण उलट्या टोकाला. तारेतून जावयाचा तो मोठा प्रवाह जाऊन चुकल्यानंतर, टेलला, ती दाब चढविते. म्हणून तिने मोटर वाचते, पण तारेतील ऱ्हास तसाच राहतो.

हे जाणूनच महाराष्ट्रात २०१८ पासून उच्चदाब वितरण प्रणालीचे काम हाती घेण्यात आले. तीत ११,००० व्होल्टची वाहिनी शेतापर्यंत नेऊन एका किंवा दोन शेतकऱ्यांसाठी एक लहान रोहित्र उभारतात. लघुदाब तार अगदी आखूड राहिल्याने दाब टिकतो आणि आकडा टाकावयास जागाही उरत नाही. ज्या शिवारात असे काम झालेले नाही तेथे जादा रोहित्र, जाड तार किंवा वाहिनीची फोड यांची मागणी सामुदायिकरीत्या करावी. लघुदाब पुरवठ्यात घोषित दाबापेक्षा ६ टक्क्यांहून अधिक फरक पडू नये, असा दंडक आहे. तारीख, वेळ व मोजलेला दाब यांची आठ दिवसांची नोंद तक्रारीसोबत जोडली तर तिला वजन येते.

येथेच गावपातळीवरील कार्यकर्त्याचे खरे काम आहे. हंगामापूर्वी एकेका डी.पी.वरील शेतकऱ्यांची बैठक घ्यावी, पंपांची व त्यांच्या अश्वशक्तीची यादी करावी, किती जणांकडे कॅपॅसिटर चालू स्थितीत आहेत ते पाहावे, बटणाची बारी ठरवून द्यावी आणि दाबाची नोंदवही कोणी ठेवावयाची हे निश्चित करावे. एकट्याने घेतलेली पेटी एका मोटरीपुरती असते. बारा जणांनी मिळून केलेली ही कामे बाराही विहिरींना उपयोगी पडतात.

ध्यानात ठेवावयाच्या गोष्टी

१. ऑटो-ट्रान्सफॉर्मर दाब वाढवितो, वीज वाढवीत नाही.
२. मोटर चालू असताना तीन ठिकाणी दाब मोजून दोष कोठे आहे ते आधी शोधावे.
३. योग्य मापाची केबल, घट्ट जोड, कॅपॅसिटर व बटणाची बारी हे उपाय आधी, पेटी त्यानंतर.
४. ३५३ व्होल्टच्या खाली व ४४० व्होल्टच्या वर मोटर चालवू नये.
५. रात्री दाब चढतो. पेटीची वाढ त्यापूर्वीच कमी करावी.
६. रिले व फ्यूज यांना कधीही निकामी करू नये.
७. पेटीला आर्थिंग द्यावे, जोडणी वायरमनकडून करून घ्यावी, आणि डी.पी.ला हात लावू नये.